सांभाळणं, शिकवणं आणि उरकणं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उत्तर लांबणार आहे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही बालशिक्षणाची पदविका केलीत आणि इथे नागपुरातच, मनीषनगरकडच्या एका खासगी बालवाडीत तुमचं दुसरं वर्ष चालू आहे. वर्गात साडेतीन ते चार वर्षांची २४ मुलं, मदतीला एक मावशी, शाळा नऊ ते साडेबारा. एक आठवडा तुम्ही घड्याळ लावून पाहिलं, तर रोजचे जवळजवळ दोन तास शी-शू, हात धुणं, डबा, रडणं, बूट आणि सांडलेलं पाणी यांतच गेले. मुख्याध्यापिका विचारतात, अभ्यासक्रम मागे का? आणि घरी दिरानं सगळ्यांदेखत विचारलं, "वहिनी, तू पोट्टे शिकवते का सांभाळते?" ही दोन कामं वेगळी कशी करायची, आणि सांभाळण्याचं सगळं मावशींकडे देऊन तुम्ही फक्त शिकवलंत तर ते योग्य होईल का, असं तुम्ही विचारता.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक वेळेचा आणि दुसरा मानाचा. वेळेचा प्रश्न तुम्ही आकड्यांनिशी मांडलात, मानाचा दिराच्या तोंडून आला. दोन्ही खरे आहेत, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. सगळं सांभाळणं मावशींकडे दिलंत तर दिराला कदाचित उत्तर मिळेल. मुलांचं काय होईल, ते वेगळं पाहावं लागेल. म्हणून दोन्ही वेगवेगळे घेते.

मी २७ वर्षं या कामात आहे. पहिली चार एका खासगी नर्सरीत, नंतर नंदनवनकडच्या एका वस्तीतली बालवाडी, आणि गेली आठ वर्षं ती चालवता चालवता अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणातही शिकवते. माझा अनुभव मुख्यतः तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा आणि तीन-साडेतीन तासांच्या वर्गाचा आहे. अडीच वर्षांची मुलं असतील किंवा दहा तासांचं पाळणाघर असेल तर सगळं प्रमाण बदलतं. नळ कुठे आहे, संडास वर्गाला लागून आहे की मैदानापलीकडे, मावशी एकट्या तुमच्या वर्गाला आहेत की तीन वर्गांत मिळून, यावरही पुष्कळ ठरतं. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाच्या वेळी जे निकष ठरले, त्यांत तीन ते सहा वयाच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीनच्या आतल्या १० मुलांमागे एक, असं प्रमाण धरलं आहे. तुम्ही २४ मुलांना दोघी आहात, म्हणजे आकड्याच्या हिशेबानं फार अडचणीत नाही. चाळीस मुलांना एकट्या असता तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं. तिथे आधी माणूस मागावं लागतं, बाकीचं मग.

पहिल्या नर्सरीतली एक गोष्ट सांगते. माझ्या हातून झालेली चूक आहे ती. तिथे नियम होता की टीचरनं मुलांना बाथरूमला न्यायचं नाही, ते मावशींचं काम. साडेदहाला मावशी आल्या की सगळ्यांची रांग लागायची. अधेमध्ये कुणी मागितलं तर "थांब थोडं, मावशी येतीलच." मला ते सोयीचं वाटायचं, खरं म्हणजे थोडा अभिमानही वाटायचा, की मी शिकवणारी आहे. एप्रिल चालू होता. एप्रिलमधलं नागपूर तुम्हाला सांगायला नको, शाळा सकाळची असूनही दहा वाजता खिडकीचे गज चटके देतात. एका मुलाची आई येऊन म्हणाली, "मॅडम, याची पाण्याची बाटली रोज भरलीच वापस येते. घरी आला का घटाघटा पेते." मी दोन दिवस नुसती बघत राहिले. तो पाण्याला तोंडच लावत नव्हता. मग आठवलं, पंधराएक दिवसांपूर्वी रांगेची वेळ यायच्या आधी त्याची चड्डी ओली झाली होती, ती सगळ्यांसमोर बदलली गेली होती आणि मुलं हसली होती. त्यावर त्या साडेतीन वर्षांच्या जिवानं तोडगा काढला होता. पाणीच प्यायचं नाही, म्हणजे मागायची वेळ येणार नाही.

त्या आठवड्याचा आमचा विषय होता 'पाणी'. मी निळ्या घोटीव कागदाचे थेंब कापून तक्त्यावर चिकटवून घेत होते. पाण्याचे उपयोग म्हणून घेत होते. त्यानंही सगळे उपयोग बरोबर म्हणून दाखवले होते, 'पिण्यासाठी' सगळ्यात आधी.

पाण्याबद्दल तो त्या महिन्यात जे खरोखर शिकला, ते आमच्या रांगेनं आणि त्या हसण्यानं शिकवलं होतं. मूल बाथरूमच्या दारातही शिकत असतं आणि तक्त्यासमोरही. आपण मात्र तक्त्यासमोरच्या वेळेचाच हिशेब ठेवतो. तुमच्या घड्याळातले ते दोन तास 'शिकवण्यातून गेलेले' नाहीत. त्या दोन तासांत काहीतरी शिकवलं जातंच आहे. काय, एवढंच पाहायचं.

आपल्या भाषेतच ही खूण आहे. निजणं आणि निजवणं, उठणं आणि उठवणं, शिकणं आणि शिकवणं. व्याकरणात यांना प्रयोजक क्रियापदं म्हणतात. लेकराला निजवणाऱ्या बाईला पक्कं ठाऊक असतं की झोप तिच्या हातात नाही. ती थोपटते, उजेड कमी करते, गुणगुणते, वाट पाहते. झोप लागते ती लेकराला. शिकवण्याचंही असंच आहे, पण तिथे आपण ते विसरतो आणि समजतो की आपण बोललो म्हणजे शिकवून झालं. मला अजूनही वाटतं, चांगली शिक्षिका व्हायचं असेल तर आधी एखादं रडकं मूल निजवून बघावं.

मग फरक कुठे पडतो? माझ्या मते 'उरकण्यात' पडतो. हात धुण्याचंच घ्या. एक पद्धत अशी: रांग लावायची, मावशी एकेकाचं मनगट धरतात, नळाखाली घालतात, चोळतात, पुसतात, पुढचा. एका मुलाला पंधरा सेकंद, काम फत्ते. हात स्वच्छ झाले, आरोग्याचा हेतू साधला. पण मुलाच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं मनगट कुणाच्या तरी ताब्यात गेलं आणि परत आलं. दुसरी पद्धत: बादली, दोन छोटे मग, तीन मुलं. "बाह्या वर करायच्या का? कर बरं तूच." तो करतो, एक वर होते, दुसरी खाली घसरते. तुम्ही थांबता. साबण घसरून पडतो, तो उचलतो. "गार आहे?" "हो, लई गार." शेजारची मुलगी त्याच्यासाठी मग धरते आणि पाणी जास्त ओतते, मग कमी ओतायला शिकते. पुसून झालं की तो हात नाकाशी नेऊन वास घेतो. चार मिनिटं गेली. या चार मिनिटांत क्रम आला (आधी बाही, मग पाणी, मग साबण), गार-कोरडं-घसरट असे शब्द आले, मनगट वळलं, बोटांच्या चिमटीत साबण आला, दुसऱ्याची पाळी आली. डब्याचं झाकण फिरवून उघडायला जे मनगट लागतं, शर्टाचं बटण काजात घालायला जी चिमूट लागते, तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. ज्या मुलांच्या डब्याचं झाकण वर्षभर आपणच उघडून देतो, त्यांच्या हातात जानेवारीत पेन्सिल देऊन आपण रेघा वाकड्या येतात म्हणतो.

पण हात धुतले म्हणजे आपोआप शिकवणं झालं, असं मात्र नाही. आपल्याकडे प्रशिक्षणात हल्ली हे वाक्य फार सैल वापरतात. सांभाळणं तेव्हाच शिकवणं होतं, जेव्हा ते मुलासोबत होतं, मुलावर होत नाही. आणि उरकणं काही फक्त सांभाळण्यातच असतं असंही नाही. अ, आ, इ फळ्यावर लिहून २४ मुलांकडून एका सुरात म्हणवून घेणं हेही उरकणंच. मावशींनी उरकलेले हात आणि टीचरनं उरकलेली बाराखडी, यांत मला फार फरक दिसत नाही.

इथवरचं थोडक्यात: मुलं दोन्ही वेळा शिकतात, आणि आपण ती वेळ सोबत घालवतो की उरकतो यावर काय शिकतात ते ठरतं. आता याची दुसरी बाजू, कारण इथे नव्या शिक्षिका घसरतात.

प्रशिक्षणाहून परतलेल्या काही जणी प्रत्येक घासाला प्रश्न विचारू लागतात. मुलाच्या तोंडात भात आहे आणि बाई विचारते, "भाताचा रंग कोणता? डाळ पातळ का घट्ट? चमचे किती?" ते मूल जेवत नाही आणि उत्तरही देत नाही. असं करू नका. जेवताना जेवणाच्या गप्पा होतात तशाच होऊ द्या. "माझ्या आईनं सांबार टाकला" म्हणून कुणी कोथिंबीर दाखवेल, कुणी म्हणेल मला आंबाडी नाही आवडत, कुणी दुसऱ्याच्या डब्यात डोकावेल. त्यातूनच भाषा येते. आणि मूल तापलेलं असेल, ओकलं असेल, आईसाठी हमसून रडत असेल, तेव्हा काहीच शिकवायचं नसतं. तेव्हा ओला रुमाल, मांडी आणि गप्प बसणं. ते तेवढंच पुरेसं असतं, त्यातून काही 'निष्पत्ती' काढायची गरज नाही.

तसंच गोष्ट, गाणी, ठोकळे, चित्र, आवाजांचे खेळ यांची जागा हात धुण्यानं भरून निघत नाही. त्यासाठी तयारी केलेला, कुणी मध्ये न येणारा वेळ रोज हवाच. काही पाळणाघरांमध्ये मी अतिशय मायेनं सांभाळलेली मुलं पाहिली आहेत, स्वच्छ, पोटभर जेवलेली, पण दिवसभरात त्यांना कुणी एक गोष्ट सांगितलेली नसते. ती माया खरी असते, तरी त्या मुलांच्या वाट्याला काहीतरी कमी येतं. तुम्हाला रोजची चाळीस-पन्नास मिनिटं असा वेळ मिळत असेल, तर साडेतीन वर्षांच्या मुलांना तो पुरतो. मुख्याध्यापिकांना हे सांगायला कचरू नका.

एका मुलीबद्दल सांगते. आमच्याकडे विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे रडण्याचा हंगाम थेट पावसात येतो. त्या वर्षी बाजूच्या बांधकामावर छत्तीसगडी मजूर होते, त्यांची एक मुलगी चार वर्षांची. रडायची नाही, बोलायचीही नाही. महिनाभर मी गोष्टी सांगितल्या, चित्रं दाखवली, बाहुली दिली. काही नाही. तिचे केस फार गुंतलेले असायचे. एक दिवस पाऊस होता, मुलं कमी आली होती, मी तेल घेऊन तिचे केस विंचरायला बसले. जट ओढली गेली तशी ती म्हणाली, "पिरावत हे." दुखतंय. मी कंगवा थांबवला आणि तिचाच शब्द घेऊन विचारलं, "पिरावत हे? इथे?" तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग मी जट सोडवली की विचारायचे आणि ती सांगायची. दुसऱ्या दिवशी ती स्वतः कंगवा घेऊन आली. आठवडाभरात वर्गातल्या चार मुलींना 'पिरावत हे' म्हणता येत होतं, आणि ही त्यांना शिकवत होती.

मी ते केस मावशींकडे दिले असते तर मावशींनीही प्रेमानंच विंचरले असते, आणि तो शब्द मावशींच्या कानावर पडला असता. मग त्या शब्दाचा उपयोग वर्गात कुणी केला असता? म्हणून सगळं सांभाळणं सोपवून देऊ नका असं मी म्हणते. मूल कुठे दुखतं, कशाला घाबरतं, कुठला घास बाजूला काढतं, ही माहिती सांभाळताना मिळते आणि शिकवताना लागते. दोन्ही कामं पूर्णपणे दोन माणसांत वाटली की ती माहिती मध्येच सांडते.

ही काही माझी नवी कल्पना नाही. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तेव्हा हात धुणं, बटणं लावणं, झाडणं, वाढणं ही त्यांच्या पद्धतीतली पायाची कामं झाली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केलं, त्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणण्याचा विकासवाडीचा प्रयोग होता. मूल बालवाडीत येत नाही म्हटल्यावर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची, 'अंगणवाडी' ही कल्पना तिथलीच. मोठं मूल शाळेत येत नाही कारण त्याच्या कडेवर धाकटं आहे, हे त्यांनी पाहिलं, म्हणून शिकवायचं असेल तर आधी त्या धाकट्याला सांभाळायची सोय करावी लागली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यात पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण एकाच छताखाली आलं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद ४५ बदलला, त्यातही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण हे दोन शब्द शेजारी-शेजारी आहेत. २०२३ मध्ये केंद्रानं अंगणवाड्यांसाठी 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम आणला. कागदावर दोन्ही कधीच तोडलेली नाहीत. तुटतात ती वेळापत्रकात आणि पगारपत्रकात.

पगारपत्रकावरून मानाच्या प्रश्नाकडे येते.

तुम्हाला 'सांभाळते का' हे लागलं, कारण आपल्या समाजात सांभाळणाऱ्याला कमी पैसे आणि कमी मान मिळतो. तुमची पदविका तुम्हाला त्या जागेवरून वर काढेल असं तुम्हाला वाटलं होतं, आणि रोज कुणाची तरी चड्डी बदलताना ती पदविका वाया गेल्यासारखं वाटतं. हे मी समजू शकते. पण यातून सुटायचा जो रस्ता चटकन सुचतो, ती कामं मावशींवर ढकलून स्वतः खुर्चीत बसायचं, त्यानं तुमचा मान वाढत नाही. फक्त कमी मानाची जागा मावशींच्या वाट्याला पक्की होते. आणि हे सगळं २४ मुलं बघत असतात. टीचर खुर्चीवर, मावशी जमिनीवर. टीचरला 'अहो मॅडम', मावशींना 'ए मावशी, इकडे ये.' टीचर सुंदर कागद हाताळते, मावशी घाण उचलते. साडेतीन वर्षांचं मूल हे अचूक वाचतं. जो आपलं अंग धुतो तो खालचा, हा धडा आपण कुठल्याही तक्त्याशिवाय शिकवतो.

नागपुरात राहून याबद्दल गप्प बसणं मला जमत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह ज्या शहरात धम्मदीक्षा घेतली, त्या शहरात कुणाची घाण कुणी काढायची हा प्रश्न साधा नाही. माझ्या बालवाडीत त्याचं उत्तर रोज सकाळी द्यावं लागतं, आणि मी ते असं देते: फरशी मीही पुसते, गोष्ट मावशीही सांगतात. आमच्या मावशींना वाचता येत नाही, पण त्यांच्या तोंडची कोल्ह्याची गोष्ट ऐकायला मुलं माझ्या गोष्टीपेक्षा जास्त सरकून बसतात. मुलं आम्हां दोघींनाही 'ताई' म्हणतात. हे घडवायला मला दोन वर्षं लागली, पालकांपैकी काहींना ते रुचलं नाही, आणि दोन मुलं काढूनही नेली.

याचा अर्थ तुम्ही कमी पैशात जास्त काम आनंदानं करावं, असा मुळीच नाही. "तुम्ही तर आईसारख्या" हे वाक्य मी पगारवाढ मागितल्यावर फार ऐकलं आहे. अंगणवाडी सेविकांना वेतन मिळत नाही, 'मानधन' मिळतं, आणि या एका शब्दावर त्यांची कितीतरी वर्षांची लढाई चालू आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा आमच्या प्रशिक्षणाच्या खोलीत बायका रडल्या. सांभाळणं हे कसबाचं काम आहे असं आपण म्हणत असू, तर त्याचे दामही कसबाचे मागायला हवेत, मावशींसाठी आणि स्वतःसाठी. काम टाकून मान मागू नका, काम दाखवून मागा.

आता उद्या वर्गात काय करता येईल ते. तुमच्याकडेही बाथरूमला सगळ्यांची एकदम रांग लागत असेल तर ती बंद करा. मुलाला लागेल तेव्हा जाऊ द्या, दोघींपैकी एकजण त्या बाजूला कायम राहील असं वाटून घ्या आणि आठवड्यानं अदलाबदल करा. पहिला आठवडा गोंधळ होईल, सारखी मुलं जातील, कारण मोकळीक नवी असते. तिसऱ्या आठवड्यात आपोआप कमी होतं. हात धुण्याला तीन-तीनची टोळी, बाकीची मुलं तोवर मावशींच्या गाण्याला. डब्याला पंधरा मिनिटं असतील तर पंचवीस करा आणि झाकण उघडायला मदत मागितल्याशिवाय करू नका. मागितली तर अर्धी करा, शेवटचा वळसा त्याला देऊन टाका.

बाथरूमच्या मदतीबद्दल एक गोष्ट काटेकोर ठेवा. दार पूर्ण बंद नको, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं, आणि हात लावण्याआधी मुलाला विचारा, "मी पुसू का, का तू पुसतो?" बाकीच्यांसमोर कपडे बदलायचे नाहीत, कितीही घाई असली तरी. ओल्या चड्डीवर कुणी हसलं तर तिथेच थांबून बोला. शरीराच्या भागांना सरळ नावं वापरा. आपलं अंग आपलं आहे आणि दुसऱ्यानं विचारून हात लावायचा असतो, हे मुलाला या वयात कुठल्याही पाठातून कळत नाही. दिवसातून दोनदा कुणीतरी तसं वागलं तर कळतं.

मुख्याध्यापिकांसाठी एक साधी वही ठेवा. रोज एका मुलाबद्दल दोन ओळी, सांभाळण्याच्या वेळेतल्या. 'आज स्वतः चेन लावली, तीन प्रयत्नांत.' 'डब्यातल्या फोडी मोजून चौघांत वाटल्या, एक उरली ती मावशींना दिली.' महिन्याअखेर अभ्यासक्रमाच्या मुद्द्यांशेजारी या ओळी मांडा. हातांचे स्नायू, मोजणी, भाषा, पाळी पाळणं, सगळं त्यात सापडेल. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरला आणि त्यासाठी २०२२ मध्ये अभ्यासक्रम आराखडा आला, त्यातही शारीरिक आणि भावनिक विकास अक्षर-अंकांच्या बरोबरीनं आहे, तेव्हा तुम्ही काही वेगळं मागत नाही. याच वहीतली एकेक ओळ सुटताना गेटवर पालकांना सांगा. "आज काय शिकवलं?" या प्रश्नाला "आज यानं बुटाची पट्टी स्वतः लावली" हे उत्तर पहिल्यांदा त्यांना अपुरं वाटेल. चौथ्या-पाचव्यांदा ते घरी पट्टी लावायला थांबू लागतात.

दिराला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी असते तर "दोन्ही" म्हणाले असते आणि त्याला एक सकाळ वर्गात बसायला बोलावलं असतं.

तुम्ही शेवटी विचारलंत की हे जमतंय की नाही ते कसं ओळखायचं. माझी एक खूण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, मुलांना आपापले लाकडी बैल घेऊन यायला सांगा. सजावटीची स्पर्धा ठेवू नका. पाण्याचा टब, कापडाचे तुकडे, थोडं गवत, वाट्या, एवढं ठेवून बाजूला बसा. मुलं बैलांना आंघोळ घालतील, पुसतील, चारा देतील. त्या नर्सरीत मी हे केलं होतं, तेव्हा एका मुलीनं बैलाचं तोंड कापडानं करकचून पुसलं आणि म्हणाली, "चल चल, हलू नको, पुढचा." तो माझा आणि मावशींचा सूर होता. गेल्या वर्षी आमच्याकडचा एक मुलगा बैलाची शिंगं पुसता पुसता थांबला, त्याच्या कानाशी वाकला आणि विचारलं, "गार लागलं का रे? थांब, हळू करतो."